होस्ट अपडेट केल्यावर व्हीएमचे नेटवर्क तुटणे: कारणे, निदान आणि उपाय

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एक सर्व्हर असून त्यावर केव्हीएम आणि लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक व्हीएम (आभासी यंत्रे) चालतात. विद्यार्थ्यांचे डेटाबेस, प्रात्यक्षिकांसाठी लागणारे वेब सर्व्हर आणि गुणनोंदणीची अंतर्गत प्रणाली हे सगळे त्यांवरच आहे. होस्टवर, म्हणजे या प्रत्यक्ष सर्व्हरवर, डेबियन १२ हे लिनक्स वितरण होते. ते डेबियन १३ वर नेले. अपग्रेड कोणत्याही त्रुटीविना पूर्ण झाले, पण रीबूट केल्यावर सर्व्हर नेटवर्कवरून दिसेनासा झाला. एसएसएच (दुरून जोडणी) लागत नसल्यामुळे सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून पाहावे लागले.

तेथे दिसले ते असे. विर्श या लिबव्हर्टच्या आज्ञासाधनाच्या यादीत सर्व व्हीएम चालू आहेत. 'बीआर०' या ब्रिजला (व्हीएम आणि प्रत्यक्ष कार्ड यांना जोडणाऱ्या आभासी स्विचला) त्याचा नेहमीचा आयपी पत्ता मिळालेला आहे. होस्टवरून प्रत्येक व्हीएमला पिंग जातो आणि व्हीएम एकमेकांनाही पिंग करू शकतात. मात्र गेटवेकडून उत्तर येत नाही आणि प्रयोगशाळेतील कोणत्याही संगणकावरून होस्ट किंवा व्हीएम यांपैकी काहीच दिसत नाही. केबल आणि स्विचवरील पोर्ट बदलून झाले, त्याने फरक पडला नाही. सर्व्हरला दोन पोर्ट असलेले, इंटेलच्या ७०० मालिकेतील ऑनबोर्ड नेटवर्क कार्ड आहे.

व्हीएमच्या आतील नेटवर्क सेटिंग नव्याने करावीत, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे. तसे करण्यापूर्वी बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर झाला आहे हे समजून घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

देवराई

व्हीएमच्या आत सध्या काहीही बदलू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपण दिलेल्या माहितीतच उत्तर बरेचसे दडलेले आहे.

व्हीएममधून निघालेले पॅकेट आधी त्याच्या आभासी कार्डातून बाहेर पडते, होस्टवर त्या कार्डाच्या जोडीला असलेल्या 'व्हीनेट०'सारख्या टॅप इंटरफेसवर येते, तेथून ब्रिजमध्ये शिरते, ब्रिजमधून प्रत्यक्ष नेटवर्क कार्डात जाते आणि मग केबलवर उतरते. होस्टवरून व्हीएमला पिंग जातो याचा अर्थ आभासी कार्ड, टॅप आणि ब्रिज हे तिन्ही टप्पे शाबूत आहेत. गेटवेला पिंग जात नाही याचा अर्थ ब्रिज आणि प्रत्यक्ष कार्ड यांच्यातील दुवा तुटलेला आहे. ब्रिजला पत्ता मिळाला असला तरी त्यावरून त्याला कार्ड जोडले गेले आहे असे सिद्ध होत नाही, कारण तो पत्ता ब्रिजचा स्वतःचा असतो आणि व्हीएमचे टॅप जोडलेले असले की ब्रिज चालू स्थितीत दिसतो. पुष्कळ जण येथेच फसतात आणि गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, आत शोध घेत बसतात.

आता कार्ड ब्रिजला का जोडले गेले नसावे, याबद्दल माझा कयास सांगतो. कार्डाचे नाव बदलले असावे. सिस्टमडी या लिनक्समधील सेवा-व्यवस्थापकाच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, लिनक्समध्ये 'ईटीएच०' ऐवजी कार्डाच्या जागेवरून ठरणारी नावे आली; ऑनबोर्ड कार्डाला 'ईएनओ१', पीसीआय स्लॉटमधील कार्डाला 'ईएनपी' ने सुरू होणारे नाव, असा तो प्रकार आहे. ही नावे कायम राहतील अशी अपेक्षा असते, पण ती फर्मवेअर आणि ड्रायव्हर जी माहिती पुरवतात त्यावरून प्रत्येक बूटच्या वेळी नव्याने ठरवली जातात. ड्रायव्हर पूर्वी न दिलेली माहिती देऊ लागला, तर कार्ड तेच आणि स्लॉट तोच असूनही नाव बदलते. इंटेलच्या ७०० मालिकेसाठी असलेला 'आय४०ई' हा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) पोर्टचे नावही कळवतो, आणि त्यामुळे मूळ नावाच्या शेवटी 'एनपी०' असा प्रत्यय लागतो. डेबियन १२ मधील कर्नल ६.१ होता आणि १३ मध्ये तो ६.१२ आहे; हा बदल त्या दरम्यानचा आहे. ६.८ कर्नल आला तेव्हा प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीच्या प्रकाशन-टिपणांतही याच ड्रायव्हरचा नावानिशी उल्लेख करून आगाऊ सूचना दिलेली होती.

कृपया दोन गोष्टी पाहून येथे लिहा. 'आयपी लिंक' या आज्ञेच्या उत्तरात प्रत्यक्ष कार्डाचे नाव काय दिसते, आणि नेटवर्कच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये 'ब्रिज_पोर्ट्स' या ओळीपुढे काय लिहिलेले आहे?

वारणाकाठ

आपला कयास अचूक ठरला. फाइलमध्ये 'ईएनओ१' आहे आणि आज्ञेच्या उत्तरात 'ईएनओ१एनपी०' दिसत आहे. कर्नलच्या नोंदींत 'आय४०ई' च्या ओळीत, हे नाव 'ईटीएच०' वरून बदलून दिले असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि नेटवर्किंग सेवेच्या नोंदीत 'ईएनओ१' हे उपकरण सापडत नसल्याची तक्रार आहे. फाइलमध्ये नवे नाव लिहून सेवा पुन्हा सुरू केली. ब्रिज नव्याने उभा राहिल्यामुळे व्हीएमचे टॅप त्यापासून सुटले होते, म्हणून व्हीएम एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे लागले; त्यानंतर सर्व काही पूर्ववत झाले. मनःपूर्वक आभार.

आता पुढच्या अपडेटच्या वेळी नाव पुन्हा बदलू नये यासाठी काय करावे?

देवराई

नाव आपणच ठरवून द्यावे. सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये 'लिंक' प्रकारची एक छोटी फाइल तयार करावी, तिच्या पहिल्या भागात कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर-ओळखक्रमांक) आणि 'टाइप' म्हणून 'ईथर' लिहावे, आणि दुसऱ्या भागात हवे ते नाव द्यावे. 'टाइप'ची ओळ वगळू नये. ब्रिज अनेकदा आपल्या पोर्टचाच मॅक पत्ता घेतो, त्यामुळे ती ओळ नसेल तर एकाच पत्त्याला दोन उपकरणे जुळतात.

नाव निवडताना 'ईटीएच०' या पद्धतीचे देऊ नये. ती नावे कर्नल बूटच्या सुरुवातीला स्वतः वापरतो आणि दोन कार्डांमध्ये ओढाताण होऊ शकते. 'लॅन०' किंवा 'बाहेर०' अशा अर्थाचे, रोमन लिपीतील छोटे नाव उत्तम. फाइल लिहून झाल्यावर इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी तात्पुरती फाइलप्रणाली) नव्याने बांधायला विसरू नये, कारण कार्डाला नाव देण्याचे काम बूटच्या त्या टप्प्यावरच होऊ शकते आणि तेथे जुनी प्रत राहिली तर आपली नवी फाइल वाचली जात नाही. शेवटी 'ब्रिज_पोर्ट्स'पुढे हे नवे नाव लिहून, सर्व्हरसमोर बसलेले असतानाच एकदा रीबूट करून पाहावे.

प्रॉक्समॉक्स व्हीई वापरणाऱ्यांसाठी एक भर घालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ९ व्या आवृत्तीत हेच काम करणारे स्वतंत्र साधन दिलेले आहे. ते कार्डांना 'एनआयसी०', 'एनआयसी१' अशी नावे देऊन संबंधित फाइलींतही ती बदलते.

पारिजात

धागा अत्यंत उपयुक्त आहे. वरील प्रकरणात गेस्ट निर्दोष निघाले, पण याच्या उलट प्रकारही होतो आणि विंडोज गेस्ट सांभाळणाऱ्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विंडोज आपले आयपी सेटिंग कार्डाच्या नावाशी बांधत नाही. ते त्या उपकरणाच्या ओळखीशी बांधते, आणि ती ओळख उपकरण कोणत्या बसवर, कोणत्या जागी बसलेले आहे यावरून ठरते. आभासी यंत्रात ही जागा सॉफ्टवेअरने रंगवलेली असते. त्या रंगवण्यात किंचित फरक पडला, की विंडोजला जुने कार्ड काढून नवे बसवल्यासारखे वाटते. नव्या कार्डाला कोरे सेटिंग मिळते, म्हणजे ते डीएचसीपीकडे (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागू लागते, आणि ज्या सर्व्हरला ठरावीक पत्ता दिलेला होता तो कोणालाच सापडत नाही.

याची दोन जाहीर उदाहरणे देते. पहिले गेस्टमधील अपडेटचे. विंडोज ७ आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ यांच्यासाठी मार्च २०१८ मध्ये आलेल्या 'केबी४०८८८७५' आणि 'केबी४०८८८७८' या अपडेटनंतर आधीच्या आभासी कार्डाच्या जागी कोऱ्या सेटिंगचे नवे आभासी कार्ड येत असे, आणि मायक्रोसॉफ्टने ही ज्ञात समस्या म्हणून नोंदवली होती. जुने सेटिंग रजिस्ट्रीत तसेच राहत असे, पण ते वापरले जात नसे. पुढे 'केबी४०९९९५०' हे दुरुस्तीचे पॅकेज आले आणि ते मूळ अपडेटच्या आधी बसवणे आवश्यक होते.

दुसरे उदाहरण होस्टच्या बाजूचे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या क्यूएमयू (आभासी यंत्राची उपकरणे तयार करणारे सॉफ्टवेअर) ५.२ मध्ये एसीपीआय तक्त्यांतील, म्हणजे यंत्रातील उपकरणांची माहिती देणाऱ्या तक्त्यांतील, पीसीआय मूळ बसचा ओळखक्रमांक बदलला. बदल एका आकड्याचा होता. पण नव्या मशीन-आवृत्तीवर (क्यूएमयू गेस्टला दाखवतो त्या आभासी यंत्राच्या आवृत्तीवर) सुरू झालेल्या विंडोज गेस्टना त्यामुळे सगळीच उपकरणे नवी वाटली आणि स्थिर आयपी पत्ते गेले. यावरचा उपाय म्हणजे गेस्टची मशीन-आवृत्ती नेमक्या आकड्यासह बांधून ठेवणे. लिबव्हर्ट व्हीएम तयार करतानाच 'पीसी-आय४४०एफएक्स-५.१' अशी पूर्ण आवृत्ती नोंदवतो, म्हणून त्याच्या वापरकर्त्यांना क्यूएमयू अपडेट झाल्यावरही गेस्टला जुनेच यंत्र दिसत राहते. व्याख्या हाताने संपादित करून तेथे नुसते 'पीसी' लिहिले, की हे संरक्षण जाते. प्रॉक्समॉक्सनेही त्या प्रकारानंतर विंडोज गेस्टची मशीन-आवृत्ती बांधून ठेवण्यास सुरुवात केली.

एखाद्या विंडोज गेस्टवर हा प्रसंग आलाच, तर पत्ता पुन्हा टंकण्यापूर्वी जुने कार्ड काढून टाकावे. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडला, की नेटवर्क कार्डांच्या यादीत एक फिकट चिन्ह दिसते. ते नाहीशा झालेल्या कार्डाचे असते. ते न काढता तोच पत्ता नव्या कार्डाला देऊ गेल्यास, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला असल्याचा इशारा विंडोज देते, आणि बऱ्याच जणांना ते दुसरे कार्ड कुठेच दिसत नसल्यामुळे गोंधळ उडतो.

मिऱ्याबंदर

सर्वांचे प्रतिसाद वाचून ज्ञानात भर पडली. मी व्हर्च्युअलबॉक्स वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवतो, म्हणून त्या बाजूची एक नोंद येथे असावी असे वाटते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ६.१.२८ या आवृत्तीपासून लिनक्स, मॅकओएस आणि सोलारिस होस्टवर होस्ट-ओन्ली (होस्ट आणि त्यावरील व्हीएम यांच्यापुरत्या) नेटवर्कसाठी १९२.१६८.५६.०/२१ हीच पत्त्यांची मर्यादा ठरवली गेली, म्हणजे १९२.१६८.५६.० पासून १९२.१६८.६३.२५५ पर्यंतचेच पत्ते चालतात. व्हेग्रंट या व्हीएम तयार करणाऱ्या साधनाच्या नमुना फाइलमध्ये वर्षानुवर्षे १९२.१६८.३३.१० हा पत्ता दिलेला असल्यामुळे असंख्य जुन्या प्रकल्पांत तोच होता, आणि ते सगळे एका अपडेटने सुरू होईनासे झाले. यात बदललेली गोष्ट म्हणजे कशाला परवानगी आहे याचा नियम. नाव, कार्ड, केबल सगळे जसेच्या तसे होते.

उपाय दोन आहेत. पत्ता नव्या मर्यादेत आणावा, किंवा इटीसीमधील 'व्हीबॉक्स' फोल्डरमध्ये 'नेटवर्क्स डॉट कॉन्फ' ही फाइल स्वतः तयार करून तीत तारकाचिन्हापुढे आपल्याला हवी ती पत्त्यांची श्रेणी लिहावी. विद्यार्थ्यांना मी पहिला उपाय सुचवतो, कारण प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावर गेला की ही फाइल त्याच्यासोबत जात नाही.

अनामवाटसरू

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या लिनक्स संगणकावर लिबव्हर्टचे मूळचे एनएटी नेटवर्क (व्हीएमची वाहतूक होस्टच्या पत्त्यावरून बाहेर नेणारे) आहे, प्रत्यक्ष कार्डाशी जोडलेला ब्रिज नाही. वितरणाची नवी आवृत्ती घेतल्यापासून व्हीएमला १९२.१६८.१२२ च्या श्रेणीतील पत्ता मिळतो, होस्टला पिंग जातो, परंतु इंटरनेट चालत नाही. कार्डाचे नाव तपासले, ते बदललेले नाही. त्याच संगणकावर डॉकर हे कंटेनर चालवणारे साधनही आहे.

देवराई

शेवटचे वाक्य लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण कळ तेथेच आहे.

लिबव्हर्टच्या १०.४ या आवृत्तीत, म्हणजे जून २०२४ मध्ये, आभासी नेटवर्कचे फायरवॉल नियम आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या जुन्या फायरवॉल-पद्धतीऐवजी नव्या पद्धतीत) लिहिण्याची सोय आली आणि काही वितरणांनी तीच मूळ पद्धत म्हणून स्वीकारली; फेडोराने ४१ व्या आवृत्तीत हा बदल केला. दुसरीकडे, डॉकर १.१३ पासून, म्हणजे जानेवारी २०१७ पासून, आयपीटेबल्सच्या 'फॉरवर्ड' साखळीचे (होस्टमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांचे) मूळ धोरण 'ड्रॉप', म्हणजे टाकून देणे, असे ठेवतो. पूर्वी लिबव्हर्ट आपले परवानगीचे नियम त्याच साखळीत पुढे घालत असे, त्यामुळे मूळ धोरणापर्यंत गोष्ट जातच नसे. आता लिबव्हर्टचे नियम स्वतःच्या वेगळ्या तक्त्यात राहतात.

येथे एनएफटेबल्सचा एक नियम नीट समजून घ्यावा लागतो. एका तक्त्यातील साखळीने पॅकेट स्वीकारले, तर ते स्वीकारणे त्या साखळीपुरतेच असते. त्याच टप्प्यावर असलेल्या दुसऱ्या साखळ्यांतून ते पॅकेट जावेच लागते. उलट कोणत्याही एका साखळीने ते टाकून दिले, तर तो निर्णय अंतिम असतो. एकामागून एक दोन फाटके असावीत आणि पहिल्या फाटकावरच्या परवान्याला दुसऱ्यावर किंमत नसावी, तसे हे आहे. लिबव्हर्ट हो म्हणतो, डॉकरने घालून दिलेले धोरण नाही म्हणते, आणि पॅकेट बाहेर जात नाही. होस्टशी बोलणे मात्र 'फॉरवर्ड' साखळीतून जात नसल्यामुळे पत्ताही मिळतो आणि पिंगही जातो. आपली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

खात्री करून घेण्यासाठी आयपीटेबल्सची 'फॉरवर्ड' साखळी पाहावी. पहिल्याच ओळीत धोरण 'ड्रॉप' दिसेल आणि त्याशेजारचा पॅकेटचा आकडा व्हीएममधून पिंग चालू असताना वाढत जाईल. उपाय म्हणून डॉकरने वापरकर्त्यांसाठी राखून ठेवलेल्या 'डॉकर-यूजर' साखळीत 'व्हीआयआरबीआर०' (लिबव्हर्टच्या एनएटी नेटवर्कचा ब्रिज) वरून जाणाऱ्या आणि त्याच्याकडे परत येणाऱ्या वाहतुकीला परवानगी देता येईल. किंवा लिबव्हर्टच्या 'नेटवर्क डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'फायरवॉल_बॅकएंड' पुन्हा आयपीटेबल्सवर नेऊन सेवा नव्याने सुरू करता येईल. मी पहिला मार्ग पसंत करतो, कारण दुसरा मार्ग मागच्या दिशेने जाणारा आहे आणि पुढे कधीतरी तो बंद होऊ शकतो.

मिऱ्याबंदर

हे सगळे वाचल्यावर एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या सर्व्हरवर अनेकांचे काम अवलंबून आहे त्याचा कर्नल आणि क्यूएमयू यांची पॅकेजे गोठवून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग नव्हे का? चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये, असे आमचे वरिष्ठ नेहमी सांगत आले आहेत.

पारिजात

या मताशी मी आदरपूर्वक असहमती नोंदवते. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' या नावाने जाहीर झालेली त्रुटी आठवून पाहावी. क्यूएमयूमधील फ्लॉपी ड्राइव्हच्या आभासी नियंत्रकात ती होती, आणि गेस्टमधून बाहेर पडून होस्टवर हुकूम चालवण्याची शक्यता तिच्यामुळे निर्माण झाली होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते तरी तो कोड चालू असे. ज्या होस्टवर विद्यार्थ्यांना गेस्टमध्ये प्रशासकाचे अधिकार दिलेले असतात, तेथे क्यूएमयू आणि कर्नल गोठवून ठेवणे म्हणजे अशा दोषांना मुक्काम करू देणे आहे. नेटवर्क तुटले तर ते लगेच कळते आणि दुरुस्तही करता येते. होस्टमध्ये कोणी शिरले तर ते कळेलच असे नाही.

देवराई

मी पारिजात यांच्याशी पूर्णपणे सहमत आहे. मात्र मिऱ्याबंदर यांच्या चिंतेत तथ्य आहे, आणि तिला उत्तर अपडेटच्या तयारीत शोधावे लागते.

अपडेटपूर्वी मी होस्टवरच्या इंटरफेसची यादी, ब्रिजला जोडलेले पोर्ट, रूट, फायरवॉलचे संपूर्ण नियम आणि प्रत्येक गेस्टची व्याख्या एका फाइलमध्ये उतरवून ती दुसऱ्या संगणकावर ठेवतो. अपडेटनंतर तीच माहिती पुन्हा घेऊन दोन्ही फाइलींतील फरक पाहिला, की या धाग्यातले बहुतेक सगळे प्रकार काही क्षणांत नजरेस येतात. व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला म्हणजे आपण सुरक्षित आहोत असे मानणारे बरेच जण भेटतात. पण स्नॅपशॉट गेस्टच्या डिस्कचा असतो आणि होस्टचे ब्रिज, नावे किंवा फायरवॉल यांपैकी काहीच त्यात नसते.

दुसरे म्हणजे, नेटवर्कवर अवलंबून नसलेली एक वाट हाताशी असल्याशिवाय दूरवरच्या सर्व्हरचा कर्नल बदलू नये. ती वाट आयपीएमआयची (सर्व्हरचे दुरून नियंत्रण करणाऱ्या स्वतंत्र सोयीची) असेल, सिरीयल कन्सोलची असेल किंवा कीबोर्ड घेऊन तेथे उभ्या असलेल्या सहकाऱ्याची असेल. जुना कर्नल ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत शिल्लक असतोच. 'ग्रब-रीबूट' या आज्ञेने नवा कर्नल फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडता येतो, म्हणजे काही बिनसले तर वीज बंद-चालू करताच सर्व्हर आपोआप जुन्या कर्नलवर परततो. त्यासाठी ग्रबमधील मूळ पर्याय आधी 'सेव्ह्ड' असा ठेवून जुना कर्नल तेथे नोंदवलेला असावा लागतो.

पारिजात

हायपर-व्ही (विंडोजमधील व्हीएम चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांसाठी एक छोटी भर. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मिळणाऱ्या 'डिफॉल्ट स्विच'वर ठरावीक पत्ता देऊन कोणतेही गेस्ट ठेवू नये. त्याची पत्त्यांची श्रेणी होस्ट रीबूट झाल्यावर बदलू शकते आणि ती आपल्याला ठरवताही येत नाही. पॉवरशेलमधून स्वतंत्र अंतर्गत स्विच तयार करून त्यावर स्वतःचे एनएटी उभारले, तर श्रेणी आपल्या हाती राहते.

वारणाकाठ

सर्वांचे पुन्हा एकदा आभार. 'लिंक' फाइल लिहून रीबूट करून पाहिले, नाव टिकले. एक शंका उरली आहे. पुढेमागे कार्डच बदलावे लागले, तर मॅक पत्त्यावर बांधलेले हे नाव अडचणीचे ठरणार नाही का?

देवराई

ठरेल. नव्या कार्डाचा मॅक पत्ता वेगळा असल्यामुळे फाइल त्याला लागू होणार नाही आणि ब्रिज पुन्हा पोर्टविना राहील. त्याला पर्याय म्हणजे मॅकऐवजी पीसीआय स्लॉटचा मार्ग लिहिणे. मग त्याच स्लॉटमधले कार्ड बदलले तरी नाव टिकते. परंतु मदरबोर्डवर दुसरे एखादे कार्ड वाढवले किंवा बायॉस अपडेट केले, तर बसचे क्रमांक सरकून तोच मार्ग भलत्याच उपकरणाकडे जाऊ शकतो. माझ्या मते कार्ड बदलणे ही माणसाने जाणूनबुजून, सर्व्हर उघडून करायची कृती असल्यामुळे त्या वेळी फाइल बदलणे सहज शक्य असते, तर बसचे क्रमांक कोणालाही न सांगता बदलतात. म्हणून मी मॅकच निवडतो. आपल्या दोन पोर्टांचे बाँडिंग (दोन्ही एकत्र जोडून एक म्हणून वापरणे) केलेले असेल किंवा पुढे करणार असाल, तर साध्या मॅकऐवजी 'पर्मनंट मॅक ॲड्रेस' हा निकष लिहावा, कारण बाँडमध्ये दोन्ही कार्डे एकच मॅक दाखवू लागतात आणि कार्डाचा मूळ पत्ता मात्र तसाच राहतो.